बाटली एकच आणि घरचे चौघे

चांगुणाबाईंचा नवा चष्मा शनिवारी आला. रविवारी सकाळी तो डोळ्यांवर चढवून त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, तर पडद्यावर त्यांचंच नाव होतं. नावाखाली एक लाल रेघ होती आणि ती संपत आली होती.

"सुगत, ही चांगुणाबाई कोण रे?"

सुगतच्या हातातला रिमोट तिथेच थांबला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आई माणगावजवळच्या गावाहून खारघरला आली, त्याला महिना होत आला होता. कामावरून आल्यावर तो रोज तिच्या शेजारी बसून हा खेळ खेळायचा. तिला पडद्यावर नुसते रंग हलताना दिसायचे, त्यामुळे ती त्याला एखादी पौराणिक मालिका समजत होती. "अजून युद्धच चाललंय?" असं ती मधूनमधून विचारी, तो "हो" म्हणे आणि दोघांचं समाधान होई. चष्म्याने हे सगळं बिघडवलं.

खेळ तसा साधा होता. चार योद्धे घेऊन डोंगर ओलांडायचा. बुद्धिबळासारखी आळीपाळीने चाल, आधी आपली, मग शत्रूची. नावाखालची रेघ म्हणजे उरलेला जीव. तो भरायला औषधाच्या बाटल्या होत्या, पण त्या मोजक्याच मिळायच्या आणि मेलेला योद्धा पुन्हा उठायचा नाही. योद्ध्यांची मूळ नावं सुगतच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्याने घरच्यांची नावं दिली. त्यामागे विचारही होता. आपलं माणूस म्हटलं की आपण जपून खेळू.

तळोज्याच्या कारखान्यात त्याच्याबरोबर काम करणारा शोएब यावर हसला होता. "चौघं जिवंत? विसर भाई. एक तरी जातोच." त्या दिवसापासून सुगतचा झोपेतही एकच ध्यास होता, चौघांना धड पलीकडे उतरवायचं. आता घाटातली शेवटची लढाई होती आणि समोर ड्रॅगन बसला होता.

"तुझंच नाव दिलंय, आई," तो म्हणाला. "तू तिरंदाज आहेस. तुझ्याइतका लांबचा नेम कुणाचा नाही."

चांगुणाबाईंना हे आवडलं. मग त्या पुढे सरकून बसल्या. "आनि ह्ये अंगात काय घातलंयस माझ्या? गोनपाट?"

"गोणपाट नाही. जाड कापडाचं चिलखत आहे."

"आनि हा लोखंडात मढवलेला कोन?" त्यांनी नाव वाचलं. राजवर्धन. सुनेचा, क्रांतीचा, थोरला भाऊ. संध्याकाळी तो उलव्याहून त्यांचाच डोळा बघायला यायचा होता. चांगुणाबाई पुढे काही बोलल्या नाहीत. सुगतला बोललेलं परवडलं असतं.

खरी गोष्ट अशी होती की लोखंडी चिलखत सापडलं तेव्हा क्रांती शेजारी बसली होती आणि "दादाला घाल ना" म्हणाली होती. हे आता सांगण्यात अर्थ नव्हता.

"बाबा कुठायत तुझे?"

"ते जादूगार आहेत. त्या दगडामागे उभे केलेत. सुरक्षित जागा आहे."

"म्हंजे तिथं बी दगडामागंच," चांगुणाबाई म्हणाल्या. "आनि तू कुठायस ह्यात?"

"मी खेळतोय, आई."

"म्हंजे आमी मरायचं आनि तू खेळायचं."

हा आवाज ऐकून क्रांती हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. पडद्यावर सगळ्यात पुढे, तलवार घेऊन, ड्रॅगनच्या नाकासमोर ती स्वतः उभी होती आणि तिचीही रेघ लालच होती. सासूसमोर ती नवऱ्याला अहो म्हणायची. "अहो, मी पण मरतेय?"

"एक बाटली आहे अजून."

"एकच? महिनाभर गोळा करताय ना?"

"बाकीच्या तंबूतल्या पेटीत आहेत."

"मग आन की," चांगुणाबाई म्हणाल्या.

"लढाई सुरू झाली की पेटी उघडता येत नाही."

"मग भरून कशापायी ठेवल्यास?"

"अडचणीच्या वेळेसाठी," सुगत म्हणाला आणि तिघांनीही ड्रॅगनकडे पाहिलं.

चांगुणाबाईंची नजर तिथून सरकत भिंतीजवळच्या शोकेसवर गेली. आत लग्नात आलेला डिनर सेट होता, निळ्या फुलांचा, ताटल्यांवरचे स्टिकर अजून तसेच. महिनाभर त्या स्टीलच्या ताटात जेवत होत्या. "ह्या घरात पेटीत ठेवायची हौसच दिसते," त्या म्हणाल्या.

"तो पाहुण्यांसाठी आहे, आई," क्रांती म्हणाली.

"मी पाहुनी नाय, ते बरंच झालं."

सुगतने घाईने विषय बाटलीवर आणला. अडचण त्याला स्पष्ट दिसत होती. ड्रॅगन समोर दिसणाऱ्यांपैकी ज्याची रेघ सगळ्यात आखूड, त्याच्यावरच जायचा. एकीला बाटली दिली की दुसरी गेलीच.

"आईंना द्या," क्रांती म्हणाली.

"नको, तिला दे. पोर पुढं उभी हाय. मी काय, पिकलं पान."

"असं काय बोलता आई! द्या हो त्यांनाच."

दोघी आग्रह करत होत्या आणि दोघींची नजर त्याच्या अंगठ्यावर होती. त्याने पडद्यावरची खूण आईकडे नेली, तर क्रांती "द्या, द्या ना" अशा सुरात म्हणाली की त्याचा अंगठा आपोआप मागे आला. खूण क्रांतीकडे नेली, तर चांगुणाबाईंनी चष्मा काढला आणि पदराने काचा पुसायला घेतल्या. काचा स्वच्छच होत्या.

या खेळात वेळेचं बंधन नव्हतं. आपण चाल करेपर्यंत शत्रू थांबतो. सुगतला हा नेहमी त्याचा मोठेपणा वाटायचा. आज ड्रॅगन पंजा उचलून थांबला, त्याच्यासमोर कोलंबीचं कालवण झालं, भात झाला, पानं मांडली गेली, तरी त्याचा पंजा वरच.

जेवता जेवता गावाहून सुगतच्या बाबांचा, शिवरामांचा फोन आला. चांगुणाबाईंनी तो स्पीकरवर टाकला.

"डोळा कसा हाय?" शिवरामनी विचारलं.

"डोळा बरा हाय. पन मी मरायला टेकलेय आनि तुमचा लेक औषध देईना."

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. "अगं, कुठल्या हास्पिटलात हायस? सुगत! सुगतला दे फोन!"

"बाबा, काही नाही, टीव्हीत," सुगत ओरडला. "टीव्हीतल्या खेळात!"

"मग टीवी बंद कर की, मेल्या," शिवराम म्हणाले आणि त्यांनीच फोन बंद केला.

जेवण झाल्यावर चांगुणाबाईंनी निकाल दिला. "अर्दी-अर्दी दे."

तशी सोय खेळात होती, पण जाणकार तिला हसायचे. सुगतने समजावलं की अर्ध्या बाटलीने कुणीच धड वाचत नाही, एक पुरी वाचवणं हेच शहाणपण.

"एक पेरू चौघांत केलाय मी," चांगुणाबाई म्हणाल्या. "कोन मेलं त्यात? दे."

त्याने दिली. दोन्ही लाल रेघा थोड्या थोड्या वाढल्या, आणि तेवढ्यानेच आता सगळ्यात आखूड रेघ राजवर्धनची ठरली. त्याच्याकडे सकाळपासून कुणी पाहिलंच नव्हतं. ड्रॅगनने पाहिलं. तो क्रांतीला सोडून त्याच्याकडे वळला.

"वा!" सुगत ताडकन उभा राहिला. "लोखंड आहे त्याच्या अंगात! पंज्याने ओरखडाही नाही उठणार!"

ड्रॅगनने पंजा खाली ठेवला आणि तोंड उघडलं. मोठा जाळ निघाला. लोखंडी चिलखत आगीत दुप्पट तापतं, हा नियम सुगतला माहीत होता. आगीवरचा लेपही त्याने जमवला होता. लेप पेटीत होता.

आग ओकल्यावर ड्रॅगनला एक चाल दम घ्यावा लागायचा. चांगुणाबाईंचा बाण त्याच्या डोळ्यात बसला, शिवरामनी दगडामागूनच वीज फेकली आणि क्रांतीने शेवटचा घाव घातला. ड्रॅगन आडवा झाला.

"मारली घोरपड!" चांगुणाबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या.

"आपण दोघींनी, आई!" क्रांतीने त्यांना मिठीच मारली.

मग पडद्यावर वाचलेल्यांची नावं आली. क्रांतीने ती वरून खाली वाचली, पुन्हा खालून वर वाचली. "सुगत," ती म्हणाली. अहो गेलं होतं. "दादा कुठाय?"

चांगुणाबाईंनी हळूच टीव्ही बंद केला.

संध्याकाळी राजवर्धन शहाळी घेऊन आला. त्याला पंख्याखालची खुर्ची मिळाली. चांगुणाबाईंनी त्याला स्वतः पाणी आणून दिलं. क्रांतीने शोकेस उघडली, निळ्या फुलांच्या ताटल्या काढल्या आणि एका ताटलीवरचा स्टिकर नखाने खरवडू लागली.

"अगं, मी काय पाहुणा आहे?" राजवर्धन म्हणाला. "आज काय विशेष?"

"खा रे बाबा," चांगुणाबाईंनी त्याच्यापुढे घावन वाढलं. "फुंकर मारून खा. भाजंल."

क्रांती ठसका लागल्यासारखी आत निघून गेली.

राजवर्धनने दोन घावनं संपवली, हात पुसला आणि टीव्हीकडे बघून भुवया उडवल्या. आपण त्या खेळात आहोत हे बहिणीने त्याला केव्हाच सांगितलं होतं. "काय दाजी, कुठवर आली लढाई? माझं लोखंडी चिलखत आहे ना अजून?"

"चिलखत आहे," सुगत म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

चांगुणाबाईंनी तिसरं घावन वाढलं.