सोमाजी पिअर झाला

पोंभुर्ण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात दर गुरुवारी सकाळी अकरा वाजता दहा माणसं गोल करून बसत आणि गप्प राहत. गप्प बसण्याचा त्यांना मुळीच कंटाळा नव्हता. कंटाळा यायचा तो भाग्यश्रीला. ती तिथली समुपदेशक. चिमूरची मुलगी, तोंडानं फटकळ, मनानं मऊ. कामावर ती शुद्ध मराठी बोले आणि रागावली की चिमूर बाहेर पडे. तिनं "आज कोण बोलणार?" असं विचारलं की दहाच्या दहा नजरा फरशीवर जात. फरशी काही एवढी बघण्यासारखी नव्हती.

फारच आग्रह केला तर सगळ्यांत वयस्कर बाबुलालभाऊ म्हणत, "तुमीच बोला ना मॅडम, आयकाले चांगलं वाटते." मग भाग्यश्री बोले. यकृतावर बोले, संसारावर बोले, तल्लफ आली तर थोडा वेळ कसा काढायचा यावर बोले. माणसं "बराबर हाय" म्हणत आणि चहा पिऊन घरी जात. तीन महिने हे असं चाललं होतं. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या त्या गटात बोलणारी एकटी तीच होती, आणि तिनं जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता.

खरी काळजी होती ती हेमराजची. तिशीचा धानाचा शेतकरी, पदरी एक लहान पोर. त्याची बायको उर्वशी त्याला हाताला धरून घेऊन आली होती आणि जाताना दाराबाहेर भाग्यश्रीला म्हणाली होती, "एवढा महिना पाहीन मॅडम. मंग पोरीले घेऊन माहेरी जाईन." त्यानंतर हेमराज तीन गुरुवार आला, हात मांडीत घालून बसला आणि एक अक्षर न बोलता गेला. एकट्याला खोलीत बसवलं तरी "हो मॅडम" याच्यापुढे त्याची गाडी सरकेना. आता महिन्याचा शेवटचा गुरुवार उरला होता. या वेळी तो तोंड न उघडता गेला तर परत यायचा नाही, हे भाग्यश्रीला स्पष्ट दिसत होतं, आणि त्यापायी तिला जेवण गोड लागत नव्हतं.

मध्यंतरी नागपूरला तीन दिवसांची कार्यशाळा झाली. तिथल्या साहेबांनी एक गोष्ट लाखमोलाची सांगितली. पिणारा माणूस समुपदेशकापुढे मोकळा होत नाही, तो आपल्यासारख्यापुढे मोकळा होतो. म्हणून ज्यानं स्वतः सोडली आहे अशा एकाला गटात बोलता करा. अशा माणसाला इंग्रजीत म्हणतात पिअर. भाग्यश्रीनं तो शब्द वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. गोष्टीबरोबर शब्दही उचलून गावाकडे आणायची काही गरज नव्हती, पण तीन दिवस वातानुकूलित खोलीत बसलं की माणसाची अक्कल थोडी गारठतेच.

पिअर होण्याजोगा माणूस गटातच होता. सोमाजी, जातीचा ढिवर, तलावात मासे धरणारा, वय बावन्न. चौदा महिने थेंब नाही. पण कशी सोडली म्हणून विचारलं की तोही फरशीच बघे. भाग्यश्रीनं त्याला व्हरांड्यात गाठलं.

"सोमाजीभाऊ, मला तुम्हाला आपल्या गटाचे पिअर करायचं आहे."

सोमाजीचा चेहरा पडला. "माह्या हातून काई चुकलं का मॅडम?"

"चुकलं कसलं? तुमच्यासारखा पिअर मला अख्ख्या तालुक्यात सापडायचा नाही."

"गावात नोका सांगू. रुखमा जीव घेन माहा."

"अहो, रुखमाबाईंना तर अभिमान वाटेल!"

सोमाजी तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "तुमी शिकलेले लोकं. मी इचार करतो." आणि चहा न घेताच निघून गेला. किती हा विनय, असं भाग्यश्रीला वाटलं. तिनं त्याच दिवशी पत्र टाइप केलं: श्री. सोमाजी यांचा दीर्घ अनुभव लक्षात घेऊन त्यांची पिअर म्हणून निवड करण्यात येत आहे. त्यांनी दर गुरुवारी नवीन सदस्यांना सोबत द्यावी. खाली सही, सहीवर केंद्राचा गोल शिक्का. पत्र गावाकडे जाणाऱ्या एकाच्या हाती दिलं, आणि त्यानं ते इमानेइतबारे नेऊन सोमाजीच्या बायकोच्या, रुखमाबाईच्या हातात ठेवलं.

गुरुवार उजाडला. दहा माणसं गोल करून बसली. हेमराजनं हात मांडीत घातले. भाग्यश्रीनं विचारलं, "आज कोण बोलणार?" सगळे फरशीकडे वळणार, तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि हातात तो कागद घेऊन रुखमाबाई आत आली.

"इथली मॅडम कोन हाय?"

"मी. बसा ना बाई."

"बसाले नाई आली मी! चवदा महिने झाले, याची दारू सुटली म्हून गावभर साखर वाटली मी. न तुमी याले शिक्का मारून पिअर केला?"

"बाई, पिअर म्हणजे..."

"मले नोका शिकवू! चवथी शिकली हावो मी. पेते थो पिअर! न खाली का लिवलं? दीर्घ अनुभव! नव्या लोकायले सोबत द्या! एकटा पेत होता थे कमी होतं काय?"

बाबुलालभाऊंनी गळ्यातल्या दुपट्ट्यात तोंड लपवलं. त्यांचे खांदे हलत होते. भाग्यश्रीच्या तोंडून चिमूर बाहेर पडलं. "आवो बाई, पिअर म्हंजे सोबती! ज्यानं सोडली थो! दुसऱ्याले सोडाले मदत करते थो!"

"मंग सोबती काऊन नाई लिवलं?"

भाग्यश्रीनं कपाळावर हात मारला. हे नागपूरच्या साहेबांनाही सांगता आलं नसतं. सोमाजीनं तोवर सुटकेचा एक मोठा निःश्वास टाकला होता, कारण पिअरचा अर्थ त्यालाही आत्ताच कळत होता. पण रुखमाबाई त्याच्याकडेच वळली.

"न तुमी! मले तं पयलेच शंका होती. रोज सांजच्याले जाळं घेऊन तलावावर जाता न रिकाम्या हातानं येता. जलमाचे ढिवर तुमी, न तुमाले एक मासोळी गावत नाई? कोन बसते तिथी तुमच्यासंग?"

"कोनी नाई बसत."

"मंग करता का तिथी?"

सोमाजी उभा राहिला. "उभा राह्यतो," तो म्हणाला. "गळ्याएवढ्या पाण्यात. सांज झाली का माहे पाय भट्टीकडे चालाले लागते. मी घरी बसलो तरी थे चालतेच. पाण्यात उभं राह्यलं का चालत नाई. जाळं लोकायले दाखवाले नेतो. टाकतच नाई."

"चवदा महिने?"

"चवदा महिने."

"न मले काऊन नाई सांगितलं?"

"का सांगू? मच्छी माराची सोडून पाण्यात लपून राह्यतो म्हून सांगू?"

आज एकाचीही नजर फरशीवर नव्हती. अशा वेळी 'आपण मोकळे झालात, धन्यवाद' असं म्हणायचं असतं, हे भाग्यश्रीच्या वहीत लिहिलेलं होतं. तिनं ते म्हटलं नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदाच ती गप्प बसली.

"सोमाजीभाऊ," कुणीतरी म्हणालं. आवाज इतका अनोळखी होता की सगळ्यांनी वळून पाहिलं. हेमराज होता. "मले पोहता येत नाई."

दोघं-तिघं खुदकन हसले. हेमराज हसला नाही.

"माहे बी पाय चालते," तो म्हणाला. "सात वाजले का चालते. पोरगी पायाले मिठी मारून बसते, तरी चालते. तिले सोडवून जातो मी. मी का करू?"

भाग्यश्री खिडकीकडे बघू लागली. सोमाजीनं बराच विचार केला.

"मी बी कुठी पोहतो? उभाच राह्यतो," तो म्हणाला. "तू कमरेएवढ्या पाण्यात राह्य. मी तुह्या फुडं राहीन."

रुखमाबाईनं त्या कागदाची घडी घालून कमरेला खोचली, आणि जी खुर्ची मघाशी नाकारली होती ती ओढून हेमराजसमोर बसली.

"आज सांजच्यालेच ये," ती म्हणाली. "न पोरीले बी आन. मी बसन तिच्यासंग काठावर. तिनं किती दिवस पाय धराचे?"

हेमराजनं मान डोलावली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"रडू नोको," रुखमाबाई म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "न आता दोघं जन जाऊन राह्यले तं जाळं टाकाचं. मले मासोळ्या पायजे."