वाघाने खाल्लेली एकशे अठरा पानं

मोतीराम सरांची एकशे अठरा पानं सेमाडोहच्या वाघाने खाल्ली, ही गोष्ट मी तीस वर्षं सांगत आलो. सुरुवातीला वाघ नुसता वास घेऊन गेला होता. पुढे त्याने पानं चावली. शेवटी शेवटी तर त्याला तीन दिवस इंग्रजीतून ढेकर येत होते आणि जंगल खात्याची माणसं पाणवठ्यावर डिक्शनरी घेऊन बसली होती. मी अमरावतीत प्रिंटर दुरुस्त करणारा माणूस. पेचकसाने एवढी कीर्ती मिळत नाही.

यंदा एप्रिलमध्ये माया आली आणि तो वाघ माझ्याच अंगावर आला.

माया ही सरांची लेक. अकोल्याला शाळेत कॉम्प्युटर शिकवते. सर गेले त्याला सत्तावीस वर्षं झाली. ते पॉलिटेक्निकला होते. मराठी टाइप करायची सोय कुठे धड नव्हती, तेव्हा त्यांनी स्वतःच्या डोक्याने एक प्रोग्राम लिहिला. नाव 'पाटी'. त्यात त्यांनी आपल्या आईची, सुंदराबाईंची, जात्यावरची गाणी उतरवून घेतली. घरच्या ओव्या, बाबासाहेबांवरची गाणी, मिळून तीनशे चाळीस.

"जय भीम, काका," म्हणत मायाने लॅपटॉप माझ्यासमोर उघडला. पडद्यावर नुसते खडे सांडल्यासारखी चिन्हं. "ही आजीची गाणी हायेत."

"पोरी, हे तर कोंबडीनं पाय पुसले वाटते."

ती हसली नाही. "फाइल मी जपली, पण पाटी गेली. फ्लॉप्यांले बुरशी लागली. पुण्याच्या लोकांले दाखवलं. ते म्हणतात, कोणत्या अक्षराले बाबांनी कोणता नंबर देल्ला ते मूळ कोड पाहिल्याबिगर समजणार नाही. आजी अठ्ठ्याऐंशीची हाय, काका. तिले आता एकच गाणं येते. बाकीचं इचारलं की म्हणते, मोत्याच्या पाटीत हाय. तिच्या कानावर एकदा तरी पडाले पाहिजे."

मग तिने सरांची डायरी काढली आणि बोट ठेवलं. सरांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'कोडची छापील प्रत महादेवरावांच्या दुकानात राहिली. वाघाने खाल्ली म्हणतात.' महादेवराव म्हणजे मीच.

"वाघाचं राहू द्या, काका. खरं काय झालं?"

"बस, चहा घे. त्या दिवशी काय झालं, सेमाडोहच्या वळणावर..."

आतून आमच्या सौभाग्यवती मनकर्णाबाई कडाडल्या, "पुरे करा ना आता! गेलेल्या माणसाच्या पोरीले बी वाघच दाखवता काय?"

तेव्हा कबूल केलं. सरांची पद्धत अशी, की कोडमध्ये एवढासा बदल केला तरी सगळं पुन्हा छापायचं आणि जुनी प्रत फाडून टाकायची. म्हणायचे, फ्लॉपी मुकी असते, कागद बोलतो. माझ्या दुकानात रुंद प्रिंटर होता, म्हणून छपाई माझ्याकडे. शेवटची प्रत छापली, "उद्या नेतो" म्हणून सर गेले. तो कागद म्हणजे हिरव्या पट्ट्यांचा, कडेला भोकं असलेला, एकाला एक जोडलेला शंभर फुटांचा लांबलचक पट्टा. आणि घरी कुरडयांचा दिवस. आता तुम्हीच सांगा, भर उन्हाळ्यात असा अखंड कागद पाहून वऱ्हाडी माणसाच्या मनात दुसरं काय येणार? माझ्याच हातांनी तो गच्चीवर अंथरला. दुसऱ्या दिवशी सर दारात. माझ्या तोंडून वाघ निघाला. सर माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले, मग हसले आणि गेले. त्यांच्या मशीनमध्ये कोड होताच. ते मशीन पुढच्या पावसाळ्यात विजेने जळेल, हे कुणाला ठाऊक?

"म्हणजे माह्या आजीची गाणी कुरडयांखाली गेली," माया हळूच म्हणाली.

"कुरडयांनं कागदाले काय होते?" मनकर्णाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "वाळल्या, काढल्या. कागद म्या घडी करून गंगूले देल्ला. तिच्या मांडणीले."

मी उडालो. "अन् मले तीस वर्षं सांगितलं नाही?"

"तुमी इचारलं कधी? तुमाले वाघ बरा वाटत होता."

गंगूबाई ही माझी मेहुणी, अकोल्याच्या जठारपेठेत राहते. लगेच एसटी धरली. मूर्तिजापूर गेलं तरी मी एक थाप मारली नाही, तेव्हा मनकर्णाबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मला ताप नव्हता. कागद कधीच फेकला असेल, ही धास्ती होती.

गंगूबाईची मांडणी म्हणजे देव्हारा. चार फळ्या, त्यांवर उतरत्या भाजणीने डबे, गुंड, परात, सगळं आरशासारखं लखलखीत. आमचं म्हणणं ऐकून ती फळीला पाठ लावून उभी राहिली.

"भाऊजी, माह्या मांडणीले हात लावाचा नाही. दिवाळीशिवाय मी बी लावत नाही."

"गंगू, नवा कागद टाकतेस तवा जुना फेकतेस काय?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"जुना काहून फेकू? त्याच्यावरच टाकते. फळी मऊ राह्यते."

मायाने माझा हात घट्ट धरला. मग तिने गंगूबाईला सुंदराबाईंचं सगळं सांगितलं. गंगूबाईने ऐकून घेतलं, पहिला डबा उतरवला आणि दटावलं, "पडला तर पाहा."

डबे उतरले. माया एकेक दिवाळी उचलू लागली. वर गेल्या वर्षीचं वर्तमानपत्र. खाली टाळेबंदी. त्याखाली क्रिकेटचा विश्वचषक, कुणाची लग्नपत्रिका, जुनी कॅलेंडरं. कागद पिवळे होत गेले, शेवटचे तर बोटांत कुसकरू लागले. आणि सगळ्यांत खाली हिरवे पट्टे. छापलेली बाजू फळीकडे, म्हणून शाई जशीच्या तशी. एका पानाला एक कुरडई गोगलगायीसारखी चिकटलेली.

चारही फळ्यांवर मिळून एकशे अठरा पानं भरली. फक्त फळीची पुढची कड तेवढी त्रिकोणी कातरलेली. झालर! प्रत्येक ओळीचं शेपूट उडालं होतं.

गंगूबाईचा चेहरा पडला. "मले काय ठावं बाई? दिसाले चांगलं दिसे."

माया पानांवर वाकून बोटाने काहीतरी मोजत होती. "अकरा अक्षरांचे नंबर गेले," ती म्हणाली. मग गंगूबाईकडे पाहिलं. "मावशी, रडू नका. आजीले एक गाणं येते ना."

तिने काय केलं, ते ऐका. सुंदराबाईंना ते एकच गाणं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. फाइलमध्ये तेच पहिलं होतं :

दळण दळते बाई, पीठ पडे भरभर
मोती माझा लिहितो गं, पाटीवर अक्षर

आजी जिथे 'ळ' म्हणते, तिथे फाइलमध्ये कोणता नंबर बसलाय? तोच 'ळ'चा. अशी सहा अक्षरं लागली. उरलेली पाच अर्ध्यामुर्ध्या शब्दांवरून हळूहळू जुळली. पाच आठवडे गेले. जूनमध्ये तिने आम्हा तिघांना घरी बोलावलं.

सुंदराबाई बाजेवर बसल्या होत्या. मायाने दुसरं गाणं वाचायला घेतलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. म्हातारी मख्ख. मला वाटलं, उशीर झाला. तिसऱ्या ओळीला त्यांचा उजवा हात गुडघ्यावर गोल फिरू लागला, जात्याचा खुंटा धरल्यासारखा. चौथी ओळ मायाच्या आधी त्याच म्हणाल्या. माया वाचत राहिली. त्या दुपारी सात गाणी झाली. दोन ठिकाणी म्हातारीने पडद्याची चूकही काढली.

"काका, आता शेवटचं," माया डोळे पुसत म्हणाली. "तीनशे एक्केचाळीसावं. हे गाणं नाही."

तिने वाचलं : "महादेवराव म्हणतात, सेमाडोहच्या वाघाने माझा कोड खाल्ला. त्यांच्या बाहीला कुरडईचा चीक लागला होता. आईला सांगितलं. ती पुष्कळ दिवसांनी पोट धरून हसली. गोष्ट खोटी आहे. जपून ठेवावी."

मी बाहीकडे पाहिलं. उगाच.

गंगूबाईने तळलेल्या कुरडयांची परात मधे सरकवली. सुंदराबाईंनी एक तुकडा मोडला आणि माझ्याकडे पाहत विचारलं, "मंग? त्या वाघाचं पुढं काय झालं?"

मी मनकर्णाबाईंकडे पाहिलं.

"सांगा आता," त्या म्हणाल्या.

मी खुर्ची पुढे ओढली.