कमानीतला ऊस

फाटकातून आत शिरताच ऊस-संशोधक हर्षाचे पाऊल थबकले. संशोधन केंद्राच्या दारात उसाची उंच कमान उभी होती, आणि त्या कांड्यांवरचा जांभळा पट्टा तिने झोपेतही ओळखला असता.

"वारलूभाऊ, हा ऊस कुठला?" ती ओरडली.

शिडीवर चढून झेंडूची माळ बांधणारा मजूर वारलू म्हणाला, "नदीकाठच्या वाफ्यातला, बाई. सायब म्हणले, मुळासकट उपट, कमान जित्ती दिसली पायजे."

साखर कारखान्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने गोंडपिपरीजवळ हे केंद्र काढले ते एकाच कामासाठी: पुरात न कुजणारा ऊस शोधणे. गेल्या पावसाळ्यात वर्धा नदीने सगळे वाफे बुडवले. शेकडो वाणांतून जांभळ्या पट्ट्याचा हा एकच वाण तगला. उसाचे त्याचे दुसरे बेट कुठेही नव्हते. येत्या आठवड्यात हर्षा याच बेटाच्या कांड्यांचे बेणे लावणार होती.

केंद्रप्रमुख गुणवंतराव टाय सावरत आले. "काऊन ओरडून राह्यली? संस्थेचे अध्यक्ष येऊन राह्यले. कारखानदार माणूस, उसाची कमान नको का त्याईले?"

"पलीकडे साधा ऊस होता ना, सर!"

"तो ठेंगणा. फोटोत दिसत नाई."

"मग ताडाचं झाड रोवाचं होतं! ज्याच्यासाठी आपल्याले पगार भेटते, तेच तुम्ही दारावर टांगलं."

"आवाज खाली. नोकरी जड झाली का?"

हर्षाने कांडीवरून बोट फिरवले. पाहुण्यांच्या शाली अडकू नयेत म्हणून खालचे डोळे कोयत्याने तासून टाकले होते. डोळा गेला की अंकुर गेला. वरचे डोळे शाबूत होते, पण ऊन चढत होते. तेही सुकायला वेळ लागणार नव्हता.

"वारलूभाऊ, सोडा हे."

"सायब मले हाकलतीन, बाई."

"मग उतरा."

ती स्वतः शिडीवर चढली. तार कापायला पकड नव्हती, कमान बांधलेली तार तिने हातांनीच पिळून तोडली. तळहात फाटला. "वेडी झाली का?" गुणवंतराव शिडी हलवू लागले, तेवढ्यात अध्यक्षांची गाडी वळली आणि अर्धी कमान रस्त्यावर आडवी कोसळली. चालकाने भोंगा वाजवला.

"गाडी चढवू नका!" हर्षा वरूनच कडाडली. "बेणं आहे ते!"

अध्यक्षांनी काच खाली केली. "काय चाललंय?"

"काही नाई सर, सजावटीचं जरासं..."

"सजावट नाई. पुरातून तुमच्या संस्थेचं एवढंच काम उरलं होतं, तेही याईनं उपटलं."

खाली उतरून तिने शाबूत डोळ्यांच्या कांड्या काळजीपूर्वक कवेत घेतल्या. त्यांचे दुसरे टोक वारलूने उचलले.

"अहो, पण आम्ही आत यायचं कसं?" अध्यक्षांनी विचारले.

"चालत," ती म्हणाली आणि बेणे लावायला वाफ्यातल्या ओल्या सरीकडे निघाली.