बाइंडरचं शिफारसपत्र

पुस्तकबांधणीची खळ पातळ झाली की कागद सुरकुततो.

परदेश अभ्यासदौऱ्याचा अर्ज, रकाना अकरा: आपल्या समाजातील ज्येष्ठ व्यक्तीचे शिफारसपत्र जोडावे.

समितीच्या बैठकीच्या खोलीची खिडकी रंग देताना चिकटली, ती कायमचीच.

आमच्या समाजातून आजवर गेलेले विद्यार्थी: शून्य.

‘मुलगी हट्टी आहे. एक पान नीट बसलं नाही तर अख्खं पुस्तक उसवते.’

हे शेवटचं त्या शिफारसपत्रातलं. लिहिणारा आमच्या समाजातला बाइंडर. त्याच्या दुकानात ही अर्जदार मुलगी कॉलेज सांभाळून चार वर्षं काम करते आहे. विद्यापीठात ती जुनी कागदपत्रं दुरुस्त करायला शिकते. परदेशातल्या एका संग्रहालयात सहा महिने हेच काम शिकायची संधी होती, सगळा खर्च अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या निधीतून. जागा एकच उरलेली, नावं दोन.

मी या समितीचा कारकून. इतिवृत्त लिहायचं, तोंड उघडायचं नाही.

इतिवृत्त: अध्यक्षांनी पत्र वाचून दाखवले.

इतिवृत्तात नाही: ‘उलट बोलते. दुकान बंद करायची वेळ झाली तरी जागची हलत नाही. समोरचा चहा गार करते.’ अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. “अहो, ही शिफारस आहे की तक्रार?”

“घरच्याच माणसानं पाय ओढले,” समितीतले पुस्तकबांधणी शिकवणारे प्राध्यापक म्हणाले. “दुसरं नाव घेऊ या.”

इतिवृत्त: कारकुनाने बोलण्याची परवानगी मागितली.

इतिवृत्तात नाही: कसली परवानगी! तोंडातून निघूनच गेलं.

“मॅडम, आमच्यात आपल्या पोरांचं कौतुक करत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. माझ्या आईनं मला आजवर एकदाच चांगलं म्हटलंय, तेही मी भुलीच्या गुंगीत असताना.”

“मग तोंडभर कौतुक करता तरी कुणाचं?”

“ज्याच्यावर पाणी सोडलंय त्याचं.”

“सोयीचं आहे,” प्राध्यापक म्हणाले. “ती तुमच्यातलीच ना?”

माझे कान तापले. “हो,” म्हणालो.

अध्यक्षबाईंनी पत्राखालचा नंबर फिरवला आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. पलीकडून कागद कापायच्या यंत्राचा खटका ऐकू आला. त्यांनी मुलीचं नाव घेतलं.

“काय केलं आता तिनं?” बाइंडर म्हणाला.

“काही नाही हो. तिच्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठवावं असं वाटतं का तुम्हाला?”

“आहे की! माझा पुतण्या. लाखात एक. गुणी, शहाणा, वेळेचा पक्का. हाताला काय सफाई!”

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. बघा, अशा अर्थानं.

“कुठं काम करतो तो?”

“सध्या घरीच असतो.” खटका थांबला. “तीन दुकानांतून काढलं त्याला. त्यातलं एक माझं.”

अध्यक्षबाईंचे ओठ हलले, पण हसू त्यांनी दाबलं. “आणि या मुलीला नाही काढलंत?”

“तिला कशी काढू? मी शिवलेलं पुस्तक उसवते अन् पुन्हा शिवते. वर बरोबर निघतं ते तिचंच, काय बोलणार! तुम्ही उगाच तिला डोक्यावर बसवू नका.” फोन बंद.

प्राध्यापकांनी पेनाचं टोपण लावलं. “शिवायला मी कुणालाही शिकवतो,” ते म्हणाले. “उसवायची हिंमत नाही शिकवता येत. माझी हरकत नाही.”

इतिवृत्त: सर्वानुमते निवड. दुसऱ्या अर्जदारास पुढील तुकडीत प्राधान्य. यापुढे पत्र लिहिणाऱ्याशी फोनवर बोलल्याशिवाय अर्ज नाकारू नये. मागील चार वर्षांचे नाकारलेले अर्ज कारकुनाने काढून आणावेत.

इतिवृत्तात नाही: आमच्यातले सात निघाले. तीन माझ्यादेखत नाकारले गेले होते. तेव्हा मी मान खाली घालून लिहीत होतो. या वेळी साती जणांना मीच फोन केले. चौघं म्हणाले, पुन्हा भरतो. एकीनं विचारलं, “खरंच ना, की टाइमपास?”

निवडीचं पत्र न्यायला मुलगी आली. नखांच्या कडेला खळ वाळलेली.

“दुकानातल्या काकांनी काय लिहिलं होतं हो माझ्याबद्दल?”

“गोपनीय असतं ते.”

“शिव्याच घातल्या असतील.”

“भरपूर.”

तिचा चेहरा असा उजळला की मलाच दुसरीकडे बघावं लागलं.

मागाहून कळलं, शिफारसपत्र लिहायच्या आठ दिवस आधीच बाइंडरनं तिच्या जागेवर नवी मुलगी शिकायला बसवली होती.