तलावाभोवतीचा कोबा

आमच्या तलावाभोवतीचा कोबा फोडायचा की त्यावर नुसता नवा थर द्यायचा, यावरून मी आणि माझा धाकटा भाऊ अख्खा उन्हाळा भांडत होतो. म्हणजे भांडत होते मी. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "ताई, राहू दे ना आहे तसा." भिंतीशी भांडलेलं परवडलं, निदान ती गोड हसत तरी नाही.

पोहण्याचा हा तलाव आमच्या बाबांनी बांधला. घराचं मागचं दार उघडलं की समोर खोल बाजू. पलीकडच्या टोकाला उथळ बाजू, कपडे बदलायच्या खोल्या आणि माझी तिकिटाची खिडकी. खिडकी मी सांभाळते, पाण्यात औषध मी टाकते, पालकांशी हुज्जत मी घालते. भाऊ पोहायला शिकवतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात, मी बाळ्या म्हणते. पन्नाशी उलटली तरी बाळ्याच. त्याने लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही, त्यामुळे एकाच घरात तो खाली आणि मी वर. पालक मला येऊन सांगायचे, "मास्तर काय डोळ्यांत तेल घालून बघतात हो पोरांकडे!" मी म्हणायची, बघणारच, दुसरं काम काय आहे त्याला.

खोटं नव्हतं ते. गेली काही वर्षं तो घर आणि तलाव सोडून कुठे जातच नव्हता. बाजार माझ्या गळ्यात, बँक माझ्या गळ्यात. कागद पुढे केला की "चष्मा खाली राहिला, तू वाच." मी चिडायची, पण वाचायची.

कोब्याची तर दशा झाली होती. जागोजागी सांधे उचलले गेले होते, दोन तुकड्यांमधली एक कड वर, एक खाली. येणाऱ्याजाणाऱ्याची बोटं ठेचायची. उथळ बाजूला जमीन खचून एक डबकं झालं होतं, ते रणरणत्या उन्हातही वाळत नसे. एका बाईंचं नख निघालं तेव्हा त्या खिडकीवर येऊन मला असं काही बोलल्या की विचारू नका. आणि मला कोणी बोललं की मी गप्प बसत नाही. त्यांचा पास गेला आणि माझी झोप गेली. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्री बोलका माणूस. लोखंडी सळई घेऊन कोब्यावर ठोकत फिरला. कुठे ठणठणीत आवाज यायचा, कुठे बद्द. आमच्या मागच्या दाराजवळच्या कोपऱ्यात सगळं बद्द.

"ताई, खालची माती वाहून गेलीय इथे. हा किडका दात आहे. वरून भरून देतो, गुळगुळीत थर, काही वर्षं निघतील. पण मला विचाराल तर उपटा. सगळा फोडायचा, भर घालायची, नवा टाकायचा. मोसम जाईल तुमचा, पण पुन्हा माझं तोंड बघावं लागणार नाही."

"ते एक बरं होईल," मी म्हटलं.

भाऊ शेजारी उभा होता, अनवाणी, गळ्यात शिट्टी. म्हणाला, "फोडायचा नाही. थरही नको. सांध्यांना हात लावायचा नाही."

"मग काय, काच लावून ठेवू का त्याला?"

"पायांना सवय आहे, ताई."

मला वाटलं, बाबांची आठवण. कोबा टाकला तेव्हा आम्ही दोघं शाळेत होतो. बादल्या भरभरून पाणी आणून दिलं होतं आम्ही, आणि बाबांनी गुडघ्यावर बसून सगळा कोबा स्वतः घोटला होता. मलाही आठवतं. पण आठवणीपायी लोकांची नखं काढायची का? माझ्या डोक्यात तिडीक गेली. ठरवलं, याला करूनच दाखवायचं.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, दुपारी तो झोपला असताना, मी मिस्त्रीकडून नमुन्याचा पट्टा करून घेतला. मागच्या दारापासून सुरू करून खोल बाजूच्या कडेने, बराच लांब. सांधे भरले, भेगा बुजवल्या, वरून थर. इतका सुरेख दिसत होता की मी वाकून हात फिरवला.

"हा माल लवकर धरतो," मिस्त्री म्हणाला. "उद्या सकाळी चालायला हरकत नाही. फक्त पाणी मारत राहायचं. मी येतो पहाटे."

मी भावाला काही सांगितलं नाही. म्हटलं, सकाळी दार उघडेल, समोर दिसेल, मग बघू काय बोलतो.

सकाळी मिस्त्रीने पट्ट्यावर भरपूर पाणी मारलं आणि डबा पुन्हा भरायला नळाकडे गेला. बाकीची पोरं यायला अवकाश होता. एक नवी पोरगी तेवढी लवकर आली, पहिलाच दिवस. पुढचा दात पडलेला, तोंडाची टकळी अखंड चालू. आईने तिला माझ्या खिडकीशी सोडलं, "लक्ष ठेवा हं," म्हणाली आणि कामाला पळाली. समोर मागच्या दारात शिट्टी वाजली. मी म्हटलं, "ते बघ मास्तर. जा." पोरगी काठाकाठाने धावत गेली. भावाने तिचा हात धरला आणि दोघं उथळ बाजूकडे चालू लागले. ती काहीतरी सांगत होती, तो मान डोलावत होता. पट्टा बघून काहीच बोलला नाही, म्हणून मी मनातल्या मनात जिंकले होते.

मी औषधाच्या डब्याचं झाकण काढत होते. वर बघितलं तर दोघं अजून खोल बाजूलाच थांबलेले, त्या ओल्या पट्ट्यावर. भाऊ उकिडवा बसला होता. पाण्यावरून त्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"घाबरायचं नाही. इथे पाय टेकतात. मार उडी!"

मला वाटलं, थट्टा करतोय. असली थट्टा त्याने आयुष्यात केली नव्हती. मी तोंड उघडेपर्यंत पोरीने उडी मारली.

पाणी उडालं, मग काही नाही. ती एकदा वर आली. तोंड उघडं, आवाज नाही, हात बाजूला पसरलेले. पुन्हा खाली. आणि माझा भाऊ तिच्या डोक्यावर उभा, तोंड बरोबर तिच्याकडे, हसतोय.

"टेकले ना पाय? सांगितलं होतं ना!"

मी कशी धावले, मला माहीत नाही. चपला, अंगावरचे कपडे, सगळ्यासकट पाण्यात गेले. ती तळाकडे चालली होती. केसांना धरून वर ओढली. मिस्त्री डबा टाकून पळत आला, त्याने तिला काठावर घेतली, पालथी केली, पाठीवर थापट्या मारल्या. पाणी ओकली, खोकली आणि मग जी किंचाळली! तेवढा गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

भाऊ त्या किंकाळीने दचकला. आवाजाकडे वळला. "काय झालं? ताई? कोण पडलं?" दोन्ही हात पुढे करून, बोटं ताठ करून तो आमच्याकडे येऊ लागला, आणि त्याचा एक पाय काठावरून सुटला. मिस्त्रीने दंडाला धरून मागे खेचला नसता तर तोही पाण्यात गेला असता.

माझ्या पायाखालची जमीन सरकली ती तेव्हा.

पोरीची आई आली. जे बोलली ते मी खाली मान घालून ऐकलं. पहिल्यांदाच. पोरीला उचलून घेऊन गेली.

मी तलावाला कुलूप घातलं आणि भावाला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं.

"किती दिसतं?"

"उजेड कळतो."

"माणूस?"

तो खुर्चीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"बोल की मेल्या! माणूस दिसतो का?"

"नाही. बाबांना होतं तेच आहे, ताई. डॉक्टरला दाखवलं होतं मागे. उपाय नाही म्हणाले."

बाबा शेवटी शेवटी संध्याकाळ झाली की अंगणातही उतरत नसत. पण त्यांनी ते लपवलं नव्हतं. आमच्या खांद्यावर हात ठेवून चालायचे.

"आणि तू पोरांना पाण्यात घालत होतास? दुसऱ्यांची पोरं? लाज नाही वाटली?"

"ऐकू येतं मला. कोण पाय मारतंय, कोण दमलंय, कोण नुसतंच काठ धरून बसलंय, सगळं कळतं. आणि कोबा पायांना कळतो. दारातून निघालं की सांधे लागतात एकापुढे एक. मग डबक्यात पाय ओले झाले की उथळ. आज सांधे लागलेच नाहीत. म्हटलं, पोरीच्या बडबडीत ओलांडले असतील. मग पाय ओले झाले."

मिस्त्रीने मारलेलं पाणी. मी करून घेतलेला पट्टा. पण राग जाईना, तो अजून चढला.

"आणि ती बुडत होती ते नाही ऐकू आलं?"

"बुडणाऱ्याचा आवाज येत नाही, ताई," तो म्हणाला. "मीच सांगत आलोय सगळ्यांच्या आईबापांना. नुसतं ऐकून चालत नाही, बघायला लागतं."

मी ओट्यावरची बशी उचलून जमिनीवर आपटली. तिचे तुकडे झाले. त्याने आवाजाच्या दिशेला मान वळवली, थोडीशी चुकीची, माझ्या खांद्याच्या बाजूला. ते मला बघवेना. मी ओल्या कपड्यांतच जमिनीवर बसून रडले.

शिकवणी बंद झाली. लपवायचं कारण संपलं तसा तो घरात भिंती धरून चालायला लागला. दाराच्या चौकटीला कपाळ आपटायचं, पेल्याला हात लागून पाणी सांडायचं. मी ओरडायची नाही. ते त्याला जास्त लागत असणार, कारण मी ओरडत नाही असं कधी झालंच नव्हतं.

मग एका सकाळी वरच्या खिडकीतून मी बघितलं. तो तलावाच्या दुसऱ्या कडेला होता, जिथे मिस्त्रीचा हात लागला नव्हता. मान वर, हात सैल, झपाझप चालत होता. सांधा आला की पाय आपोआप उचलला जायचा. कोपऱ्यावर बरोबर वळायचा. डबक्यात पाय पडला की क्षणभर थांबून परत फिरायचा. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, काय ऐटीत चाललाय माणूस. साऱ्या जगात तेवढीच एक जागा उरली होती, जिथे त्याला कोणाच्या हाताची गरज नव्हती.

मी मिस्त्रीला बोलावून सांगितलं, "फोडायचा नाही. कोपऱ्याखाली भर घाल. वरून पातळ थर दे, पण सांधे होते तसे राहिले पाहिजेत. पट्ट्यातले भरलेस तेही पुन्हा कर. आणि ते डबकं ठेव."

"डबकं ठेवू?" मिस्त्रीने डोकं खाजवलं. "ताई, आजवर लोकांनी मला डबकं काढायलाच बोलावलंय."

"सांगते तेवढं कर."

"करू नकोस," मागून भाऊ म्हणाला. दाराला धरून उभा होता. "फोड. सगळा फोड. एक सांधा ठेवायचा नाही, एक खड्डा ठेवायचा नाही."

"बाळ्या, गप्प बस. शिकवू नकोस, नुसता फीर. कोण नको म्हणतंय तुला?"

"फिरेन. मग एखादं पोर येईल, मास्तर, एकदा दाखवा ना म्हणेल. मी नाही म्हणणार नाही, ताई. तू मला ओळखतेस."

मी ओळखते.

"ती पाण्यात होती तेव्हा मी काय करत होतो?" त्याने विचारलं. "खरं सांग."

मिस्त्री उगाच सळईकडे बघायला लागला.

"हसत होतास," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, हळूच, जसं काही त्याला ते ठाऊकच होतं. मग मिस्त्रीच्या दिशेने म्हणाला, "ऐकलंस ना? फोड."

मोसम गेला. यंत्राची धडधड दिवसभर घरात घुमायची, भांडी फळीवर थरथरायची. भाऊ मागच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. मी म्हणायची, आत ये, धूळ खातोयस. तो म्हणायचा, "आता मधला सांधा गेला." आवाजावरून कळायचं त्याला. शेवटच्या दिवशी म्हणाला, "डबकं गेलं," आणि खुर्ची आत घेऊन आला.

नवा कोबा झाला. सपाट, करडा, पाय न घसरणारा. कुठे कड नाही, खळगा नाही. खोल बाजूला लाल कठडा बसवला, मोठ्या अक्षरांत पाटी लावली. नवे शिकवणारे ठरवले, डोळे तपासून घेतले त्यांचे, मग त्यांना काय वाटायचं ते वाटो. ती दात पडलेली पोरगी काही परत आली नाही. मी वाट बघितली नाही असं नाही.

तलाव उघडायच्या दिवशी सकाळी, लोक यायच्या आधी, भाऊ म्हणाला, "बघतो जरा." मी हात पुढे केला. त्याने तो बाजूला सारला, चपला दारात काढल्या आणि उतरला. काही पावलं चालला. थांबला. एका पायाने पुढे चाचपलं, मग बाजूला, मग मागे, पलंगाखालची चप्पल शोधावी तसं. काहीच लागेना. तो जागच्या जागी थोडा वळला, पुन्हा वळला.

"छान झालाय," तो म्हणाला. "एकदम सपाट."

"मिस्त्रीने मन लावून केलाय," मी म्हटलं.

मग त्याने एक हात पुढे केला, मी नव्हते त्या बाजूला.

"ताई," तो म्हणाला, "घर कुठल्या बाजूला आहे?"

घर त्याच्या पाठीमागेच होतं, आणि दारही उघडंच होतं.