आईच्या स्मरणार्थ

दर शनिवारी दुपारी बेघर निवाऱ्याच्या लांबट हॉलमध्ये चर्चची मंडळी जेवण वाढायला येत. पातेलंभर सूप, टोपलीत पाव आणि वाढणाऱ्यांच्या तोंडावर आठवड्यातून एकदाच काढायचं ते खास हसू. सेवा करणं वाईट आहे असं मुळीच नाही हो. पण त्या शनिवारी तिथं काय झालं ते ऐका आणि मग बोला.

चर्चच्या खजिनदारांची बायको तिथं नेहमी आतल्या स्वयंपाकघरात असायची. चर्चमध्ये गाणी बसवणाऱ्या, म्हणून सगळ्यांच्या गाणाऱ्या बाई, तिला दारातच अडवायच्या. "तू आत पाव काप गं. बाहेरचं आम्ही बघतो." त्या दिवशी त्यांना यायला उशीर झाला, रांग तर दाराबाहेर गेलेली, म्हणून हिनंच सूपचा डाव हातात घेतला.

रांगेत एक म्हातारी होती. डोक्यावरून ब्लँकेट ओढलेलं, त्याच्या कोपऱ्यावर कापडी पट्टी: 'प्रिय आईच्या स्मरणार्थ'. ती पट्टी हिनंच शिवली होती. सासूबाई गेल्या तेव्हा नवऱ्यानं निवाऱ्याला ढीगभर ब्लँकेटं दिली होती. मुलगा असावा तर असा, असं जो तो म्हणत होता.

म्हातारीनं उभ्याउभ्याच एक घोट घेतला.

"मीठ कमी आहे गं बाई."

हिच्या हातातला डाव पातेल्यात पडला. लग्न झाल्यापासून दोन्ही वेळच्या जेवणाला हिनं सासूबाईंच्या तोंडून हेच वाक्य ऐकलं होतं आणि मनातल्या मनात बोटं मोडली होती. सासूबाई गेल्यावरही स्वयंपाकघरात एकटी असली की तिला ते ऐकू यायचं. मग ती घाबरून भाजीत चिमूटभर मीठ जास्त टाकायची आणि नवरा ताट सरकवायचा.

"आई?"

"कुणाची आई? पुढच्याला वाढ," म्हातारी पुटपुटली आणि लगबगीनं भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसली.

ही मागोमाग गेली.  "आई, तुम्ही तर मावशींकडे गेला होता. तिकडेच वारलात, तिकडेच मातीत ठेवलं, असं सांगितलं ह्यांनी."

"मावशी कुठली? म्हाताऱ्यांच्या एका घरात टाकलं होतं मला. ते बंद पडलं. विचारत विचारत आले परत. रविवार होता, म्हटलं चर्चमध्येच सगळे भेटतील." म्हातारीनं पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवला. "तर आत माझ्याच स्मरणार्थ प्रार्थना चाललेली! केवढी रडत होतीस गं तू. माझ्याबद्दल जन्मात कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. मग आत कोणत्या तोंडानं येऊ? पोराची अब्रू गेली असती ना."

 चार दिवस तरी सुटका करा माझी, असं नवऱ्याला हीच म्हणाली होती. आणि आईंची कबर कुठंय, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. का विचारलं नव्हतं, या प्रश्नाच्या वाटेला जायची तिला भीती वाटायची.

तेवढ्यात गाणाऱ्या बाई धापा टाकत आल्या. दोघींना एका बाकावर बघून त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं, तुला आत थांब म्हणते ना मी!"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला एकटीलाच का? सगळ्यांनीच ओळखलंय त्यांना. पण दुसऱ्याच्या घरातलं आपण कसं बोलायचं? आणि उपाशी नाही हो ठेवलं आम्ही. पाव नेहमी एक जास्तच देतो."

हिनं वळून पाहिलं. पाव वाटणारे वकील, पाणी देणाऱ्या शाळेतल्या बाई, सगळे एकदम कामात गढून गेले. त्या रविवारी याच माणसांनी हिला जवळ घेऊन हिचे डोळे पुसले होते. भर दुपारी, भरल्या हॉलमध्ये तिला त्यांची भीती वाटली.

खजिनदार आले. ते नेहमी शेवटालाच येत, प्रार्थना सांगत आणि जात. "चला, डोळे मिटू या."

"मिटू नका कुणी!" ही ओरडली. "अहो, इकडे बघा. आई आहेत."

खजिनदार पांढरेफटक पडले. "काहीतरीच काय बोलतेस! आई देवाघरी गेली."

"हो हो, गेली ती," म्हातारी घाईघाईनं म्हणाली. "मी दुसरीच कुणी. उगाच छळू नकोस गं त्याला."

"ठीक आहे. मग मीही गेले म्हणून सांगा," ही नवऱ्याला म्हणाली.  "उद्या माझीही प्रार्थना करा. मी यांच्याजवळ या बाकावर राहीन आणि दर शनिवारी तुमच्या हातचं जेवीन."

 मग म्हातारी उठली. डोक्यावरचं ब्लँकेट तिनं मागं सारलं.

"तू कशाला मरतेस गं?" ती म्हणाली आणि मुलाकडे वळली. "मी आहे रे. जिवंत आहे. घरी चल म्हण मला."

खजिनदारांनी एकेकाकडे पाहिलं. 

"चला आई," सून म्हणाली. "घरी चला."

दोघी हॉलच्या मधून दारापर्यंत चालत गेल्या. वाटेत वाढणारे सगळे होते आणि सगळ्यांच्या माना खाली होत्या. वाचकहो, त्या वेळी तुमच्या हातात काय होतं, पाव की पाणी, एवढं जरा आठवून बघा.