करड्या पेन्सिलीने रंगवलेले कोट

सुरुवातीलाच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. मी करडी पेन्सिल, रंगाच्या डब्यातली. मला हातात धरून आजवर कुणी एक अक्षर लिहिलेलं नाही, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या.

कारखान्यात दोन पातळ लाकडी पट्ट्यांच्या मध्ये मला चिकटवून दाबलं, तासलं, वर रंग दिला आणि डब्यात झोपवलं. करड्या रंगाच्या वाट्याला फार कुणी जात नाही. लाल-निळ्या बहिणी झिजून बोटभर होतात, आम्ही आपल्या टोकदारच राहतो. त्याचं मला दुःख नाही. स्वभावच तसा थंड.

एक सूनबाई मला घरी घेऊन आली. तिचे सासरे कापडकामातले, कटिंग मास्तर. आयुष्यभर दुकानात उभं राहून त्यांनी कोट-पँट कापले. मग आजारपणात उजवा हात लुळा पडला. थोडी शक्ती परतली, पण बोटं ऐकेनात.

"बाबा, डॉक्टर म्हणाले रंग भरत जा. बोटांना वळण लागेल."

"आता या वयात मला बालवाडीत घालतेस?"

"मग काय, दिवसभर छताकडे बघत बसणार?"

पहिल्या पुस्तकात बदक होतं. मास्तरांनी ते पालथं घातलं. मग तिने मोठ्यांसाठीचं पुस्तक आणलं. त्यात बारीक नक्षीची वर्तुळं होती. "ही नक्षी आहे की दोऱ्याचा गुंता?" म्हणून तेही बाजूला गेलं. पक्ष्यांच्या चित्रांना ते म्हणाले, "पोपट हिरवा, कावळा काळा. देवाने ठरवून टाकलंय, मी कशाला मध्ये पडू?"

सूनबाई चिवट. तिने जुन्या काळच्या पोशाखांचं पुस्तक शोधून काढलं. मास्तरांनी ते चाळलं आणि एका पानावर थांबले.

"याचा खांदा उतरलाय बघ. कुणी कापलाय हा कोट?"

त्यांनी डब्यातून मला उचललं. लाल नाही, निळी नाही, मला! कोटाला दुसरा रंग त्यांना सुचलाच नाही.

तेव्हापासून रोज सकाळी आमचं काम चाले. ते फक्त कपडे रंगवत. तोंडं, हात, झाडं सगळं कोरं. मध्येच थांबले की मला कानावर ठेवत. माणसांचं असं असतं, काम सुटतं पण कानाची सवय सुटत नाही.

आता दुकान मास्तरांचा मुलगा सांभाळायचा. एकदा त्याने पुस्तक उचलून पाहिलं. प्रत्येक कोटाचा रंग रेषेबाहेर गेला होता. सगळी माणसं फुगलेली दिसत होती.

"हात काही येत नाही बाबांचा," तो स्वयंपाकघरात बायकोला म्हणाला. "कापायचं टेबल किती दिवस अडवून ठेवू? सोमवारपासून कापायला नवा माणूस लावतो."

मास्तर बाहेरच बसले होते. त्यांनी ऐकलं. मला त्यांच्या बोटांची पकड घट्ट झालेली कळली.

सूनबाई पुस्तक घेऊन बाहेर खिडकीशी आली. उलटसुलट करून बघितलं.

"अहो, हात हलला असता तर कुठे कमी, कुठे जास्त गेलं असतं. हे सगळीकडून सारखं बाहेर गेलंय. बाबा, असं का?"

मास्तरांनी चष्मा लावून पाहिलं. त्यांनाही ते आत्ताच दिसलं होतं.

"अगं, शिवणीला माया, कडेचं जास्तीचं कापड, नको का सोडायला? रेषेवर कापलं तर शिवशील कुठून?"

आणि मग ते स्वतःच इतके हसले की ठसका लागला.

त्याच दिवशी तिघं दुकानात गेले. मी कानावर होतेच. मास्तरांनी कापडावर खडूने कोटाचा पुढचा भाग आखला. रेघ कुठे थरथरली नाही. मग त्यांनी कात्री उचलली. मोठी, लोखंडी कात्री. पाती उघडली, पण मिटेना. अंगठ्यात जोरच नव्हता. कापड पात्यांत चावलं गेलं.

"राहू द्या बाबा," मुलगा हळूच म्हणाला.

"आखा तुम्ही, कापते मी," सूनबाई म्हणाली.

मास्तरांनी कधी दुसऱ्याला ती कात्री हातात धरू दिली नव्हती. ते कात्री टेबलावर ठेवून घरी आले. एका कोटाची एक बाही रंगवली, दुसरी तशीच सोडली आणि मला खाली ठेवलं.

आता मी करंगळीएवढी उरले आहे. मला तक्रार करायची नाही. एवढंच मागणं आहे की, घरात कुणी रिकाम्या हाताने बसलं असेल तर त्याच्यापुढे पहिलंच पुस्तक ठेवून दमू नका. अजून एक शोधा, मग अजून एक. आवडीचं पान सापडायला वेळ लागतो.

त्या अर्धवट बाहीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि सुनेला हाक मारली.

"चल लवकर. आणि कात्रीत अंगठा मी सांगेन तसाच धरायचा. शहाणपणा नको."

मुलगा दारात चपला घालत होता. "बाबा, मग त्या नव्या माणसाला काय सांगू?"

"सांग, टेबल रिकामं नाही."

सवयीने त्यांनी मला कानावर ठेवलं होतं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांच्या लक्षात आलं. ते मागे फिरले, मला डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि गेले.